केसांतून निघालेला डबा

किमोच्या खुर्चीत बसलं की एक हात सलाइनला बांधलेला असतो. पुस्तकातली अक्षरं नाचतात, मोबाइल बघितला की मळमळतं. मोकळं राहतं ते फक्त तोंड. अशा चार बायकांना महिनोन्‌महिने एका खोलीत शेजारीशेजारी बसवा आणि बघा, किती किस्से साठतात ते! मी तर म्हणते, लग्नघरातसुद्धा एवढे साठत नाहीत.

आम्ही चौघी. मी नीलिमा, नवीन पनवेलच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझ्या डाव्या हाताला गव्हाणच्या हिराताई. आवाज असा, की त्या पार्किंगमध्ये बोलल्या तरी आम्हाला वर कळायचं, आल्या! समोर फरीदाआपा, जुन्या पनवेलमध्ये ब्लाउज शिवतात. आणि कोपऱ्यात पूर्वा, सुकापूरची, आयटीतली, आमच्यात सगळ्यात लहान. आजार प्रत्येकीचा आपापला, पण औषधं थोड्याफार फरकाने तीच, त्यामुळे केस जायची वेळही मागेपुढे तीच.

आजाराबद्दल आम्ही फारसं बोलायचो नाही. ते डॉक्टर बोलायचे. आमच्या वाट्याला आले ते केस.

* * *

मला प्रश्न विचारायची खोड आहे. पोरांना शिकवून शिकवून लागलेली. पहिल्याच भेटीत डॉक्टर म्हणाले, "केस जातील."

"कुठले?"

"सगळे."

"सगळे म्हणजे भुवयासुद्धा?"

"हो."

"पापण्या?"

"बहुतेक."

"नाकातले?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शेजारी बसलेला माझा नवरा, अविनाश, टेबलाखालून माझा पाय दाबायला लागला. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तेही जातील."

नाकातले केस धूळ अडवतात, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. पण ते पाणीही अडवतात, हे मला ते गेल्यावर कळलं! सर्दी नाही, पडसं नाही, आणि बसल्या बसल्या नाकातून टपकन थेंब. काही सूचना नाही, काही नाही.

आमच्याच मजल्यावर सावंतकाकू राहतात. मनाने फार चांगल्या. त्या शहाळं घेऊन भेटायला आल्या. मी मजेत बसले होते, कॉलेजच्या गप्पा सांगत होते, आणि नाक सुरू झालं. मी रुमाल लावला. काकूंनी एकदम मला जवळ घेतलं. "रडा! रडून घ्या, मनात ठेवू नका!"

"अहो काकू, मी रडत नाहीये. नाक गळतंय."

"माझ्यापासून काय लपवताय?"

"खरंच, नाकातले केस गेलेत."

हे ऐकल्यावर तर त्यांचा बांधच फुटला. हुंदक्यांवर हुंदके! अविनाश पंखा मोठा करतोय, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवतेय, आणि माझं नाक आपलं चालूच. शेवटी शहाळं फोडलं, आणि ते मी त्यांना पाजलं.

* * *

केस गळायच्या आधी केस दुखतात. खरंच दुखतात! दिवसभर घट्ट बांधलेला अंबाडा सोडला की मुळं ठणकतात ना, तसं, पण सगळ्या डोक्याला. उशीवर डोकं ठेवायची सोय नाही. मग एका सकाळी विंचरताना कंगव्यात जो गुंता आला तो डोक्यावर राहिलेल्यापेक्षा मोठा वाटला, तेव्हा मी अविनाशला म्हटलं, "चल, तुझ्या रमेशकडे."

रमेश म्हणजे अविनाशचा सलूनवाला. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं. त्याने माझ्यासाठी अर्धं शटर वर केलं, आम्ही वाकून आत शिरलो. बिचारा फार घाबरला होता. बाईमाणसाच्या डोक्याला हात कधी लावला नव्हता त्याने. खुर्चीवर नवीन टॉवेल, आरशावरची धूळ पुसलेली, आणि तोंडातून शब्द नाही.

मशीन सुरू झालं आणि त्याचा हात सरावाने चालायला लागला. हात चालायला लागला तसं तोंडही सरावाने चालायला लागलं.

"कल्ले सरळ ठेवू की तिरके?"

अविनाश दुसरीकडे बघायला लागला. रमेशने जीभ चावली. मी म्हटलं, "रमेश, या वेळी कल्ले राहू देत. पुढच्या वेळी बघू."

मग मात्र तिघंही हसलो. झाल्यावर त्याने सवयीने तो छोटा आरसा माझ्या डोक्यामागे धरला. "बघा मॅडम, मागून बरोबर आहे ना?" मी नीट बघितलं. एवढ्या वर्षांत स्वतःचं डोकं मागून पहिल्यांदाच बघत होते. चांगलं होतं. गोल. टाळूच्या जरा मागे एक काळा तीळ होता, तो काही माझ्या ओळखीचा नव्हता.

खरी भीती होती ती आईची. ती भावाकडे, कामोठ्याला असते. वय झालेलं, त्यात मी तिची धाकटी. तिला कसं दाखवायचं, यावर घरात आठवडाभर खल झाला. शेवटी ती स्वतःच रिक्षा करून आली. म्हणाली, "काढ तो स्कार्फ."

मी काढला. आईने पर्समधून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांना लावला. माझी हनुवटी धरून डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं, खाली वाकवलं. मी डोळे मिटून घेतले होते. तिचं बोट येऊन त्या तिळावर थांबलं.

"आहे की!" आई म्हणाली. "तुझं जावळ काढलं तेव्हा बघितला होता. मग केस आले नि झाकून गेला. मला वाटलं होतं, आता काही दिसायचा नाही हा परत."

* * *

टक्कल झाल्यावर एक अगदी साधा प्रश्न पडतो. चेहरा संपतो कुठे आणि डोकं सुरू होतं कुठे? म्हणजे साबण कुठपर्यंत लावायचा आणि शाम्पू कुठून?

पूर्वाने आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला होता, नाव 'कंगवा'. त्यावर मी हा प्रश्न टाकला. पूर्वा म्हणाली, फेसवॉश वरपर्यंत न्यायचा. फरीदाआपा म्हणाल्या, बेबी शाम्पू, थेंबभर. दोघींची जोरात चर्चा. हिराताईंना टाइप करणं जमत नाही, त्या बोलून पाठवतात. त्यांचा आवाज आला:

"गो मास्तरीनबाय, तोंड धवायला बसायचा आनि दमलीस का थांबायचा!"

* * *

हिराताईंचे केस कमरेपर्यंत होते. रोजची वेणी, वेणीवर अबोली. त्यांनी डोकं करायला साफ नकार दिला. "आमी नाय कापनार. जायाचं तं आपल्या पायान जातील." आणि गेले. उशीवर, मोरीत, पदराला. घरच्यांना वाटलं, आता रडतील. हिराताईंनी एक कापडी पिशवी घेतली, आणि गळेल तो प्रत्येक केस त्यात गोळा करायला सुरुवात केली.

का, ते कोणालाच कळेना. सुनेला वाटलं आठवण म्हणून. आम्हालाही तसंच वाटलं. फरीदाआपा तर म्हणाल्या, "माझा जीव तुटतो हो त्या पिशवीकडे बघून."

एका किमोच्या दिवशी हिराताई आल्या त्या नवा कोरा स्टीलचा डबा मिरवत. तीन पुडांचा, बाजूने चाप लावायचा, लखलखीत. खुर्चीत बसल्या, सलाइन लागलं, नर्स वळली, आणि त्यांनी डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी! किमोच्या वॉर्डात! असा वास सुटला, की नर्स अर्ध्यातून परत.

"मावशी, काय हे! बाहेरचं काही इथे खायचं नाही."

"बाहेरचा नाय गो, घरचाच हाय!" आणि आमच्याकडे वळून, "खावा, खावा! माज्या केसांचा डबा हाय!"

मग कळलं. गावात केसांवर भांडी देणारी बाई फिरते. ती ओरडत आली, हिराताईंनी पिशवी पुढे केली. तिने हात घालून बघितलं नि विचारलं, "एका डोक्याचे?" "एकाच." ती छोटी वाटी द्यायला निघाली होती. हिराताई अडून बसल्या, तीन पुडांचाच पाहिजे. घासाघीस करून डबा घेऊनच उठल्या.

आम्ही सगळ्या त्या डब्याकडे बघत राहिलो. फरीदाआपा गंभीरपणे म्हणाल्या, "तौबा! डब्यातून केस निघालेला ऐकलंय मी. केसांतून डबा निघालेला पहिल्यांदाच बघतेय."

पूर्वाला कित्येक दिवस अन्न जात नव्हतं. वास आला की तोंड फिरवायची. ती हसता हसता हिराताईंपाशी सरकली, सलाइनचा स्टँड ओढत. भाकरीचा एवढासा तुकडा घेतला, चटणीला लावला. मग दुसरा. नर्स दारात उभी होती. तिने बघितलं, आणि खिडकी उघडून निघून गेली.

* * *

फरीदाआपांचं म्हणणं, "मला बाहेर काहीच त्रास नाही. माझे केस लोकांनी आधी तरी कुठे बघितले होते? ओढणी तेव्हाही होती, आताही आहे." खरंच, त्यांच्या गिऱ्हाइकांना कित्येक महिने पत्ता नव्हता.

घरात मात्र वेगळी गंमत झाली. त्यांचे मिस्टर, रशीदभाई, ऐन तरुणपणापासून टकले. एस.टी.त ड्रायव्हर होते, आता रिटायर. त्यांचं घरात कायम एकच भांडण, पंखा! "पंखा कमी करा, डोक्याला वारा लागतो." आपा म्हणायच्या, "वारा सगळ्यांनाच लागतो. तुम्ही काय नवाब लागून गेलात?" मुलंही हसायची. रशीदभाई बिचारे घरात टोपी घालून झोपायचे.

आपांचे केस गेले. पहिल्या रात्रीनंतर सकाळी उठून त्यांनी काय केलं? रेग्युलेटर स्वतः एक नंबरवर आणला. रशीदभाई चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "लागतो ना?"

"लागतो," आपा म्हणाल्या.

"सगळी हयात सांगत होतो!"

त्यानंतर त्या माणसाचा उत्साह काय विचारता! बायकोला शिकवायला त्यांच्याकडे इतकं काही साठलेलं होतं! उन्हात निघताना आधी डोकं ओलं कर. टॉवेल घासायचा नाही, टिपायचा. दारातून जाताना वरची चौकट दिसत नाही, एरवी केस आधी लागून सांगतात, ते सांगणारं आता कोणी नाही, तेव्हा वाकून जा. हे शेवटचं ऐकून मी थक्क झाले. घरी दोन वेळा कपाटाच्या दारावर डोकं आपटलं होतं मी, आणि कारण कळत नव्हतं! रोज संध्याकाळी दोघं गॅलरीत बसून एकमेकांच्या डोक्याला खोबरेल लावायची. आपा म्हणायच्या, "निकाह झाल्यापासून एवढं बोलला नव्हता हा माणूस."

पुढे आपांचे केस यायला लागले. आधी पांढरी लव, मग चांगले बोटभर. एक दिवस रशीदभाई तेल लावता लावता थांबले. आपांनी विचारलं, "काय झालं?"

म्हणाले, "काही नाही. अल्लाची मेहेरबानी. पण फरीदा, तू धोका दिलास!"

* * *

पूर्वाच्या ऑफिसात दारावर चेहरा ओळखणारं मशीन आहे. समोर उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की दार उघडतं. ती विग लावून गेली तरी तांबडा दिवा. पुन्हा उभी राहिली, तांबडा. मागे रांग लागली. सिक्युरिटीवाल्याने तिच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. मशीनला केसांचं काही नव्हतं हो, ते भुवया शोधत असावं! असा तिचा तर्क. तिने पर्समधून पेन्सिल काढली, तिथेच भुवया काढल्या. तरी तांबडा. शेवटी सिक्युरिटीवाल्याने सरळ तिचा नवीन फोटो घालून नवीन एन्ट्री केली. पूर्वा नंबर दोन.

काही महिन्यांनी विगचा कंटाळा आला. बारीक केस आले होते, भुवयाही आल्या होत्या, ती तशीच गेली. मशीन परत ठप्प. सिक्युरिटीवाला आता सरावलेला. पूर्वा नंबर तीन!

एचआरमध्ये नवीन माणूस आला होता. त्याने हजेरी काढली आणि घाबरून हिला फोन केला. "मॅडम, तुमच्या टीममध्ये पूर्वा नावाच्या तीन मुली आहेत का?"

"दिसतंय तरी तसं."

"त्यांतल्या दोघी कित्येक दिवस आल्याच नाहीत. काही कळवलंय का त्यांनी?"

पूर्वा म्हणाली, "सर, एक आजारी पडायच्या आधीची आहे. ती आता येणार नाही. दुसरी आजारी होती. ती परत येऊ नये अशी प्रार्थना करा."

त्याने हळूच विचारलं, "आणि तिसरी?"

"तिसरी हजर आहे, सर!"

* * *

केस परत यायची वाट बघणं म्हणजे काय, ते कोणाला सांगून कळणार नाही. अविनाश रोज सकाळी माझं डोकं खिडकीत नेऊन मोबाइलची बॅटरी मारून बघायचा. मी कॉलेजच्या लॅबमधलं भिंग घरी आणलं होतं. एकदा तो ओरडला, "आला! आला!" मी भिंग घेऊन आरशाकडे धावले. टॉवेलचा दोरा होता.

पण आले. आणि आले ते कुरळे! माझे केस जन्मापासून सरळ, तारेसारखे. आता डोक्यावर मेंढीचं पिल्लू. किमोनंतर असं होतं पुष्कळांचं, का होतं ते डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं मी, पूर्ण समाधान काही झालं नाही. रोज हात फिरवून बघायचे, हे कोणाचे म्हणून.

लिफ्टमध्ये एक नवीन भाडेकरू बाई भेटल्या. मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणाल्या, "किती सुंदर कर्ल्स आहेत हो! कुठे केले?"

मी म्हटलं, "किमोचे आहेत."

"पार्लरमधलं केराटिन ऐकलंय. किमो नवीन आहे का?"

आता काय सांगणार! मजला येईपर्यंत वेळ थोडा. म्हटलं, "जुनंच आहे."

"एका सिटिंगमध्ये होतं?"

"नाही, बरीच लागतात. दर तीन आठवड्यांनी."

"साइड इफेक्ट नाहीत ना काही?"

"आहेत थोडे."

"कोण करतं पण? चांगला माणूस पाहिजे."

"माणूस चांगला आहे," मी म्हटलं. "पण अपॉइंटमेंट मिळू नये तुम्हाला."

बाई नाराज होऊन तिसऱ्या मजल्यावर उतरल्या. पत्ता देत नाही म्हणजे काय!

* * *

हिराताईंचे केस मात्र नीट आले नाहीत. आमचे विंचरण्याएवढे झाले तरी त्यांच्या डोक्यावर इथे चार, तिथे चार. डॉक्टर म्हणाले, थांबा, एखाद्याला वेळ लागतो. एवढ्यात त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं.

गव्हाणकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अख्खं गाव मांडवात. नवरदेवाची आई नटूनथटून, वेणी माळून पोराला हळद लावणार, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. घरात कुजबुज सुरू झाली होती. वेणी माळणार कशाला? एक चुलत जाऊ तर म्हणाली, यंदा मी लावते पोराला हळद, तू बस बाजूला. हिराताईंनी आम्हाला फोन केला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला बारीक वाटला. "तुमी तिघी या बाय. लवकर या."

आम्ही दुपारीच पोचलो. पूर्वाने तिचा विग आणला होता. मांडवात डीजेची जुळवाजुळव चाललेली. आम्ही मागच्या खोलीत हिराताईंना घेऊन बसलो. नऊवारी, अंगभर दागिने, हातात हिरवा चुडा, आणि डोक्यावर पूर्वाचा विग. खांद्यापर्यंत सरळ, मध्ये तांबूस बटा! फरीदाआपांनी पिना लावल्या, वर अबोलीची वेणी बसवायला गेल्या तर ती घसरून खाली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. हिराताई आरशात बघत होत्या.

"ही कोन गो?" त्या म्हणाल्या. "टीवीवर बातम्या सांगती ती काय?"

आम्हाला हसू फुटलं. हसता हसता बघितलं तर हिराताई हसत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांतलं काजळ उतरायला लागलं होतं.

तेवढ्यात दार ढकलून आत्याबाई आत आल्या. आत्याबाई म्हणजे हिराताईंची मोठी नणंद. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या, तेव्हापासून त्याच घरात. सगळं घर त्यांना टरकून. पांढरं पातळ, आणि पदर डोक्यावरून कपाळापर्यंत. हिराताई म्हणायच्या, मी लग्न होऊन आले तेव्हापासून वन्संचा पदर कधी ढळलेला बघितला नाही. अंघोळ सगळ्यांच्या आधी, केस सुकवताना कोणी पाहिलं नाही. सकाळपासून त्या मांडवात डीजेवाल्या पोरांवर ओरडत होत्या.

त्यांनी विगकडे बघितलं. आमच्या तिघींच्या डोक्यांकडे बघितलं, एकेकीच्या, सावकाश.

"काढ ते," त्या हिराताईंना म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार. हिराताईंनी मुकाट्याने विग काढून पूर्वाच्या हातात दिला. आत्याबाईंनी मागे वळून दाराला कडी लावली. मग दोन्ही हातांनी पदर खाली घेतला.

डोक्यावर केस नव्हते. कानांमागे थोडी पांढरी लव, बाकी सगळं मोकळं, गुळगुळीत.

बाहेर कोणीतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' करत होतं.

"माजं पन ह्याच दुखन्यान गेलं व्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "मुंबईच्या हास्पिटलात. तू या घरान आली नवतीस तवा. आयनं सगल्यांना सांगितला, पोर मावशीकं गेलीय म्हनून. मंग ते आलंच नाय परत."

हिराताई उठून उभ्या राहिल्या होत्या. "वन्सं... एका घरान ऱ्हातो आपन. मना एका सबदान नाय बोलल्यात?"

कोनाड्यात हळदीची वाटी भिजवून ठेवली होती. आत्याबाईंनी ती घेतली, चार बोटं बुडवली आणि हिराताईंच्या डोक्यावर हळद लावायला लागल्या. टाळूवर, मग मागे मानेपर्यंत, मग दोन्ही कानांवरून. तेल चोळावं तशी, सावकाश. हिराताई लहान पोरीसारख्या मान खाली घालून उभ्या.

झाल्यावर आत्याबाईंनी वाटी हिराताईंच्या हातात दिली. आणि स्वतःची मान वाकवली.

"मना पन लाव."

नवरा गेल्यापासून त्या बाईला कोणी हळद लावली नव्हती. घरातल्या एवढ्या लग्नांत त्या हळदीच्या वेळी चुलीपाशीच असायच्या. हिराताईंनी लावली. भरपूर लावली.

मग आत्याबाईंनी पदर पुन्हा डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला, नीट खोचला. कडी काढली, हिराताईंना हाताला धरून पुढे घातलं. हिराताई ते पिवळंधमक उघडं डोकं घेऊन मांडवात आल्या तशी बोलणारी माणसं गप्प झाली. पाटावर बसलेल्या नवरदेवाने आईकडे बघितलं, आणि हसून गाल पुढे केला.

आत्याबाई तोवर डीजेपाशी पोचल्या होत्या.

"काय रं," त्या ओरडल्या, "झोपलास काय? वाजव!"